फेरबदल केलेल्या टर्बो मोटारीतील तापमान-नियंत्रण

फेरबदल केलेल्या टर्बो मोटारीतील तापमान-नियंत्रण म्हणजे टर्बोचार्जर असलेल्या मोटारीची शक्ती मूळ रचनेपेक्षा वाढवल्यानंतर तिच्या इंजिनातील कूलंट, ऑइल, आत घेतली जाणारी हवा आणि बाहेर पडणारे जळालेले वायू यांची तापमाने मोजणे व ती सुरक्षित मर्यादेत राखणे होय. कारखान्यातून आलेल्या मोटारीत हे काम उत्पादकाने बसवून दिलेली यंत्रणा चालकाच्या नकळत करीत असते. टर्बोचा दाब वाढवला, निष्कास नळी बदलली किंवा इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील (ईसीयू) आकडे बदलले की त्या यंत्रणेची मूळ गृहीतके बदलतात आणि तापमानावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी मालकावर येते. ही जबाबदारी पार पाडताना सर्वांत मोठी अडचण अशी की, चालकासमोर असलेला तापमानदर्शक काटा या कामासाठी बनवलेलाच नसतो.

उष्णतेचा जमाखर्च

बोलण्यात उष्णता आणि तापमान हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या विषयात मात्र तो घोटाळा महागात पडतो. उष्णता ही ऊर्जा आहे, तर तापमान हा त्या ऊर्जेच्या आवक-जावकीचा एखाद्या जागी दिसणारा परिणाम आहे. हौदात पाणी किती येते आणि किती जाते यावर जशी पाण्याची पातळी ठरते, तसे हे आहे. पातळी स्थिर दिसली म्हणजे पाणी येणे थांबले असे नव्हे. येणारे आणि जाणारे पाणी तेवढ्यापुरते सारखे आहे, इतकाच तिचा अर्थ.

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ज्वलनातून निघालेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा यांत्रिक शक्ती म्हणून मिळते, एक तृतीयांश निष्कास वायूंबरोबर बाहेर जाते आणि उरलेली कूलंट, ऑइल व इंजिनाचा पृष्ठभाग यांच्यावाटे हवेत विसर्जित होते. हे प्रमाण इंजिनागणिक आणि भारागणिक बदलते. तथापि त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इंजिनाची शक्ती १०० किलोवॉटवरून १५० किलोवॉटवर नेली, तर केवळ चाकांकडे जाणारी शक्ती दीडपट होत नाही. रेडिएटरला बाहेर टाकावी लागणारी उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. रेडिएटर मात्र तेवढाच राहिलेला असतो.

असे असूनही फेरबदल केलेल्या पुष्कळ मोटारी रोजच्या वापरात काहीही तक्रार करीत नाहीत. याचे कारण असे की, सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाण्यास लहान मोटारीला १० ते १५ किलोवॉट इतकीच शक्ती पुरते. वाढवलेली शक्ती फक्त काही सेकंद वापरली जाते आणि तेवढ्यात निर्माण झालेली उष्णता इंजिनाचे धातू, कूलंट व ऑइल शोषून घेतात. खरी कसोटी लागते ती शर्यतीच्या मार्गावर सलग फेऱ्या मारताना किंवा भर उन्हात घाट चढताना. घाटातील चढ विशेष त्रासदायक ठरतो, कारण तेथे भार जास्त आणि वेग कमी असल्याने रेडिएटरमधून वाहणारी हवा अपुरी पडते. गावात फिरून मोटार ‘गरम होत नाही’ असा निर्वाळा देणे म्हणूनच निरर्थक आहे.

टर्बोचार्जरमुळे पडणारी भर

निष्कास वायूंच्या जोरावर टर्बाइन फिरवून तिच्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरने हवा दाबून इंजिनात भरण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे नळकांडे हवा भरताना गरम लागते, हा अनुभव सर्वांना आहे. टर्बोचार्जरमध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडते. बाहेरची हवा ३०° से. असून ती दुप्पट दाबापर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १ बार बूस्टपर्यंत, दाबली तर आदर्श स्थितीतही तिचे तापमान सुमारे ६६ अंशांनी वाढते. प्रत्यक्षातील कॉम्प्रेसर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वाढ सुमारे ९५ अंशांची होते आणि हवा १२५° से. तापमानाने बाहेर पडते. लहान टर्बोकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे काम करून घेतल्यास कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरते व तीच हवा १४०° से.च्या वर जाते. म्हणजेच बूस्ट वाढवत गेल्यास एका टप्प्यानंतर दाब वाढतो, पण त्याबरोबर मुख्यतः उष्णताच इंजिनात जाते.

तापलेल्या हवेचे दोन तोटे आहेत. पहिला तोटा घनतेचा. समान दाबाला ३०° से. तापमानाच्या हवेपेक्षा ६०° से.ची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. म्हणून तितका प्राणवायू कमी मिळतो. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते. परंतु मिश्रण आधीच फार गरम असेल तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग एकदम पेट घेतो. यालाच गॅरेजच्या भाषेत नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतींवर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो. ज्वलनाचे तापमान २,०००° से.च्या वर गेले तरी ६६०° से.च्या आसपास वितळणाऱ्या ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकतो, तो मुख्यत्वे या थरामुळे आणि धातूतून सतत वाहून जाणाऱ्या उष्णतेमुळे. नॉकिंगचे दाबतरंग हा थर उद्ध्वस्त करतात. त्यानंतर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

उत्पादकांनाही ही समस्या सुरुवातीपासून भेडसावत होती. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकी मोटारीत टर्बोचार्जरच्या जोडीला १०.२५ : १ इतके उच्च संपीडन गुणोत्तर होते. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारण्याची सोय तीत केलेली होती. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ या भारदस्त नावाने विकला जाणारा हा द्रव मालकाने वेळोवेळी टाकीत भरायचा होता. टाकी रिकामी झाल्यास बूस्ट मर्यादित करणारी योजनाही होती. तरीही अनेक मालक टाकी भरीनासे झाले, तक्रारी वाढल्या आणि पुष्कळ मोटारींचे टर्बो पुढे काढून टाकण्यात आले. जेटफायरचे उत्पादन १९६३ पर्यंतच चालले. पोर्शने १९७५ मध्ये आणलेल्या ९११ टर्बोला प्रारंभी इंटरकूलर नव्हता. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे करताना तो बसवण्यात आला. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंग ओळखून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली. आजच्या सर्व टर्बो पेट्रोल मोटारींत तिचेच प्रगत रूप आढळते.

काटा काय सांगतो आणि काय लपवतो

आधुनिक मोटारींच्या दर्शक फलकावरील तापमानाचा काटा पुष्कळदा मुद्दाम ‘शांत’ केलेला असतो. कूलंटचे तापमान साधारणपणे ७५° से. ते १०५° से. यांच्या दरम्यान कोठेही असले तरी काटा मध्यावर स्थिर राहील, अशी योजना अनेक उत्पादक करतात. काटा जरा हलला की ग्राहक घाबरून मोटार दुरुस्तीला आणतो, हे त्यामागचे व्यवहारी कारण आहे. न फेरबदल केलेल्या मोटारीत त्याने फारसे बिघडत नाही. शक्ती वाढवलेल्या मोटारीत मात्र ८८° से.वरून १०४° से.पर्यंत झालेला प्रवास हीच सर्वांत मोलाची सूचना असते आणि नेमकी तीच काटा दाबून ठेवतो. तो हलू लागतो तेव्हा निर्णय घेण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

दुसरा धोका याहून फसवा आहे. कूलंटचा सेन्सर द्रवात बुडालेला असतो. होज पाइप फुटून कूलंट वाहून गेले तर सेन्सर हवेत किंवा वाफेत उघडा पडतो व तापमान उतरल्यासारखे दिसते. इंजिन जळत असताना काटा खाली येतो. म्हणून जाणकार लोक तापमानाबरोबर कूलंटच्या दाबाचे किंवा पातळीचेही मापन ठेवतात.

यासाठी बहुतेक मालक आकड्यांत तापमान दाखविणारी स्वतंत्र मापके बसवतात किंवा मोटारीच्या निदान सॉकेटमधून ईसीयूकडील आकडे वाचतात. दुसरा मार्ग स्वस्त आहे. मात्र मूळ सेन्सर जेथे बसवला आहे तेथीलच तापमान त्यातून कळते आणि सर्व मोटारींत ऑइलचे खरे तापमान मोजलेले असतेच असे नाही. काही ठिकाणी ते गणिताने अंदाजलेले असते.

चार तापमाने

कूलंट. शुद्ध पाणी १००° से.ला उकळते. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७° से.ला उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवत असल्याने हा उत्कलनबिंदू आणखी वर जातो. १ बार जादा दाबाखाली साधे पाणीही १२०° से.ला उकळते. झाकणाचे रबर कमकुवत झाले की हा सगळा राखीव साठा नाहीसा होतो, ही क्षुल्लक वाटणारी बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. ग्लायकॉल अधिक घातल्यास संरक्षण वाढते हा समजही चुकीचा आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश आहे, तर निम्म्या मिश्रणाची सुमारे ३.४. गंज रोखण्यासाठी व उत्कलनबिंदूसाठी ग्लायकॉल हवे. उष्णता वाहून नेण्यात मात्र पाणीच सरस ठरते.

ऑइल. कूलंटच्या तुलनेत ऑइल सावकाश तापते आणि सावकाशच निवते. थंडीत कूलंट ९०° से.वर पोहोचल्यानंतरही ऑइल ५०° से.च्या आसपास असू शकते. काटा मध्यावर आला म्हणून लगेच पूर्ण जोर देणे त्यामुळे हानिकारक ठरते. ९०° से. ते १२०° से. हा ऑइलचा सर्वसाधारण कार्यपट्टा मानता येतो. त्याहून बराच काळ थंड राहिल्यास त्यात मिसळलेले पाणी व इंधन उडून जात नाही. वरच्या बाजूला धोका पातळपणाचा आहे. ‘३०’ दर्जाच्या ऑइलची श्यानता १००° से.ला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक इतकी असते व तापमान वाढेल तशी ती झपाट्याने घटते. बेअरिंग आणि दांडा यांच्यामधील ऑइलचा पडदा त्याच प्रमाणात पातळ होतो. १३०° से.च्या पुढे दीर्घकाळ राहणाऱ्या मोटारीला ऑइल कूलरची गरज आहे असे समजावे. मापन कोठे केले यावरही आकडा अवलंबून असतो. ऑइलच्या टाकीतील आणि कूलरमधून गेल्यानंतरचे तापमान यांत मोठी तफावत असते.

आत जाणारी हवा. इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी मोजलेले हे तापमान बूस्टबरोबर काही सेकंदांत बदलते. वर दिलेल्या उदाहरणात १२५° से.ची हवा ७० टक्के परिणामकारक इंटरकूलरमधून गेल्यास सुमारे ५८° से.पर्यंत उतरते. बाहेर ४५° से. तापमान असलेल्या विदर्भातील उन्हाळ्यात हाच आकडा ७५° से.च्या आसपास जाईल. म्हणूनच थंड हवामानात जुळवलेले ईसीयूचे आकडे उष्ण प्रदेशात जसेच्या तसे वापरणे धोक्याचे असते. सिग्नलला उभ्या असलेल्या मोटारीचा इंटरकूलर इंजिनाच्याच धगीने तापतो; विशेषतः सुबारूच्या काही मोटारींप्रमाणे तो इंजिनाच्या माथ्यावर बसवलेला असेल तर हा परिणाम ठळक दिसतो.

निष्कास वायू. हे मापन सर्वांत जलद आणि सर्वांत अवघडही आहे. यासाठी क्रोमेल व ॲल्युमेल या मिश्रधातूंच्या तारा जोडून बनवलेले ‘के’ प्रकारचे थर्मोकपल वापरतात. त्यातून दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका सूक्ष्म विद्युतदाब मिळतो. पूर्ण भारावर टर्बो पेट्रोल इंजिनातील टर्बाइनपूर्वीचे वायू ८५०° से. ते ९५०° से. असणे नवलाचे नाही. डिझेल इंजिनात ७००° से. ते ७५०° से. हीच काळजीची सीमा मानली जाते. थर्मोकपल टर्बाइनच्या आधी आहे की नंतर, याला फार महत्त्व आहे. टर्बाइन वायूंतून ऊर्जा काढून घेते, त्यामुळे तिच्या पलीकडचे तापमान शंभर अंशांनी किंवा त्याहूनही कमी भरू शकते. दोन मालकांनी आपापल्या मोटारींचे आकडे ताडून पाहताना दोघांची मोजण्याची जागा एकच आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे.

निष्कास वायूंचा आकडा वाचताना एक विपर्यास नेहमी घडतो. तापमान जास्त म्हणजे धोका आणि कमी म्हणजे सुरक्षितता, असे सरळ समीकरण मांडले जाते. वास्तविक ठिणगी उशिरा पाडल्यास ज्वलन लांबते, उष्णता निष्कासात जाते आणि आकडा वाढतो. यात टर्बाइनला त्रास होतो, पण सिलिंडरमधील दाब कमी झालेला असतो. याउलट ठिणगी फार लवकर पाडली तर आकडा उतरतो, मात्र सिलिंडरमधील दाब वाढून नॉकिंग जवळ येते. प्रत्यक्ष नॉकिंग सुरू झाले की वायूंमधील उष्णता पिस्टन आणि सिलिंडर हेडमध्ये अधिक शिरते व निष्कासाचे तापमान घसरतेही. त्यामुळे भार आणि बूस्ट कायम असताना हा आकडा अचानक उतरणे ही शुभवार्ता नसून इशारा असू शकतो. नॉकिंगचा सेन्सर आणि मिश्रणातील हवा-इंधन प्रमाणाचे मापक यांच्या जोडीनेच निष्कासाचे तापमान वाचावे, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

उदाहरण : माझदा आरएक्स-७

तापमानाच्या दुर्लक्षाची किंमत काय असते, हे तिसऱ्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ (१९९१–२००२) या जपानी क्रीडा-मोटारीच्या उदाहरणावरून चांगले समजते. हौशी मंडळींत ही मोटार ‘एफडी’ या सांकेतिक नावाने ओळखली जाते. तीत पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरचे, म्हणजे वांकेल पद्धतीचे, १३०८ घन सें.मी.चे इंजिन आणि क्रमाने काम करणारे दोन टर्बोचार्जर होते. जपानी बाजारातील पहिल्या आवृत्तीची शक्ती २५५ पीएस होती. १९९९ मध्ये ती २८० पीएसपर्यंत नेण्यात आली. निष्कास आणि बूस्ट यांत थोडे बदल करून याहून बरीच अधिक शक्ती मिळवता येत असल्याने ही मोटार फेरबदल करणाऱ्यांची लाडकी बनली आणि तितकीच इंजिने मोडण्यासाठी कुप्रसिद्धही झाली.

पिस्टन इंजिनात त्याच सिलिंडरमध्ये थंड मिश्रण येते व तेथेच ते जळते. त्यामुळे भिंतींना प्रत्येक चक्रात थोडा विसावा मिळतो. वांकेल इंजिनात ज्वलन नेहमी आवरणाच्या एकाच बाजूला होते आणि थंड मिश्रण नेहमी दुसऱ्या बाजूने येते. एक बाजू सतत तापलेली, दुसरी सतत थंड. त्यातच रोटरभोवतीचे आवरण ॲल्युमिनियमचे आणि बाजूच्या तबकड्या ओतीव लोखंडाच्या असतात. दोन्ही धातू तापल्यावर निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. हे सर्व थर लांब बोल्टांनी आवळलेले असून त्यांच्यामधून वाहणारे कूलंट रबरी कड्यांनी अडवलेले असते. इंजिन एकदा नीट तापले, म्हणजे अति तापले, की ही कडी कडक होतात वा चेपतात आणि कूलंट ज्वलनकक्षात शिरू लागते. सकाळी मोटार सुरू करताना दिसणारा पांढरा धूर हे त्याचे लक्षण असते. त्यावर इंजिन पूर्ण उघडण्यावाचून उपाय नाही.

रोटरच्या टोकांवरील सीलच्या पट्ट्या नॉकिंगचा धक्का फारसा सोसत नाहीत. पट्टी तुटली की तिचे तुकडे निष्कासावाटे टर्बाइनवर आदळतात, म्हणजे एका चुकीत इंजिन आणि टर्बो दोन्ही जातात. रोटर आतून ऑइलने थंड केले जात असल्याने या इंजिनात ऑइल हे केवळ वंगण नसून दुसरे कूलंटच आहे. त्यासाठी मोटारीच्या पुढील भागात ऑइल कूलर दिलेला असे व काही आवृत्त्यांत दोन असत. इंटरकूलर मात्र लहान होता. बॉनेटखालची धगही इतकी असे की, टर्बोचे नियंत्रण करणाऱ्या निर्वात-नळ्यांचे मोठे जाळे कालांतराने कडक होऊन तडकत असे आणि दोन टर्बोंमधील ताळमेळ बिघडे. उष्णता म्हटली की आपण धातूचा विचार करतो. येथे निम्म्या तक्रारी रबर आणि प्लॅस्टिकच्या असत. कूलंटमधील हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची टाकीही तडकण्यासाठी प्रसिद्ध होती व पुष्कळ मालक ती ॲल्युमिनियमची बसवीत.

या मोटारीवर अनेक मालक करीत असलेला पहिला फेरबदल म्हणजे टर्बोलगतचा उत्प्रेरक डबा काढून साधी नळी बसवणे. त्याने बॉनेटखालची उष्णता खरोखरच कमी होते. परंतु निष्कासाचा अडथळा दूर झाल्याने बूस्टही वाढतो आणि मूळ ईसीयूमधील इंधनाचे आकडे त्या बूस्टसाठी नसतात. तापमान उतरवण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने नॉकिंगला निमंत्रण देऊ शकतो. पुढे जाणकारांनी रेडिएटर आणि मोठा इंटरकूलर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात तिरपे बसवण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे दोघांनाही बाहेरची ताजी हवा स्वतंत्रपणे मिळते आणि एकाची तापलेली हवा दुसऱ्याच्या माथी मारली जात नाही.

नियंत्रणाचे उपाय

या मांडणीमागील तत्त्व सर्वच मोटारींना लागू पडते. मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवला की आत जाणारी हवा थंड होते, पण रेडिएटरला मिळणारी हवा तापलेली आणि कमी असते. एका ठिकाणची उष्णता दुसरीकडे ढकलली, इतकेच त्यातून साधते. मोठा रेडिएटर विकत घेण्यापूर्वी जुन्याच रेडिएटरच्या कडांमधील फटी बुजवून सर्व हवा जाळीतूनच जाईल असे करणे आणि तापलेली हवा बॉनेटखालून बाहेर पडण्यास वाट देणे, हे उपाय स्वस्त असूनही अनेकदा अधिक उपयोगी ठरतात. हवा आत येते पण बाहेर जात नाही, असा प्रकार पुष्कळ मोटारींत आढळतो.

थर्मोस्टॅटविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट बसवल्याने रेडिएटरची क्षमता वाढत नाही. चढाच्या सुरुवातीला थोडी अधिक सवड मिळते, शेवटचे तापमान तेच राहते. थर्मोस्टॅट पूर्णपणे काढून टाकणे तर उघड चुकीचे आहे. त्याने इंजिन वेळेत तापत नाही, ऑइल थंड राहते आणि झीज वाढते. ऑइल कूलर बसवतानाही त्याच कारणासाठी त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट असावा. निष्कास नळीवर गुंडाळली जाणारी उष्णतारोधक पट्टी बॉनेटखालचे वातावरण थंड ठेवते. मात्र उष्णता नळीच्या धातूतच कोंडली जाऊन मॅनिफोल्डला तडे जाण्याचा संभव असतो. धातूचा उष्णतारोधक पत्रा थोडे अंतर ठेवून लावणे अधिक निर्धोक होय.

इंधन हाही एक शीतक आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर गरजेपेक्षा अधिक पेट्रोल दिले जाते. त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण निवते व निष्कासाचे तापमान आटोक्यात राहते. याची किंमत इंधनखर्चात आणि प्रदूषणात मोजावी लागते. इथेनॉलचे बाष्पीभवन पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता शोषते, म्हणून इथेनॉलयुक्त इंधनाने नॉकिंग कमी होते. परंतु त्याचे हवेशी असणारे प्रमाण वेगळे असल्याने जुने आकडे तसेच ठेवल्यास मिश्रण क्षीण होते. जेटफायरमधील पाण्याच्या फवाऱ्याची कल्पना आजही वापरात आहे. पाण्याच्या बाष्पीभवनास प्रति किलोग्रॅम सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागत असल्याने थोड्या पाण्यात मोठे काम होते. टाकी रिकामी झाली किंवा फवारा तुंबला तर बूस्ट आपोआप उतरेल अशी व्यवस्था नसेल, तर मात्र ही सोय घातक ठरते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत भरवशाचा उपाय ईसीयूमध्येच आहे. हवेचे किंवा कूलंटचे तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास ठिणगी मागे घेणे आणि बूस्ट कमी करणे हे काम तो चालकापेक्षा कितीतरी लवकर करतो. शक्ती वाढवण्याच्या नादात हीच संरक्षक मर्यादा सैल करणारे फेरबदल बाजारात मिळतात. अशा फेरबदलात मिळालेली शक्ती ही उसनी असते, असे म्हणावे लागेल.

भारतात फेरबदलांना कायद्याचीही मर्यादा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच आशयाचा निर्णय दिला.

चालवताना व थांबताना

मापके अनेक बसवली तरी चालवताना सर्वांवर नजर ठेवणे शक्य नसते. यासाठी प्रत्येक तापमानाला इशारा देणारा दिवा किंवा बझर जोडतात आणि आकडे नोंदवून ठेवतात. नोंदीचा उपयोग नंतर होतो. त्याच रस्त्यावर, त्याच हवामानात गेल्या महिन्यापेक्षा कूलंट सहा अंशांनी अधिक तापत असेल, तर कोणताही दिवा लागलेला नसला तरी पंप, झाकण, पंखा किंवा रेडिएटर यांपैकी काहीतरी बिघडत आहे हे कळते.

तापमान वाढू लागल्यास प्रथम ॲक्सिलरेटर सोडून बूस्ट उतरवावा. वातानुकूलन बंद करून केबिनचा हीटर पूर्ण चालू केल्यास तो छोट्या रेडिएटरचे काम करतो. आतल्या माणसांना ते सुखावह नसते, पण इंजिनाला मदत होते. कूलंट शिल्लक असेल तर मोटार थांबवून इंजिन काही काळ कमी वेगाने चालू ठेवणे हितकारक असते, कारण पंप आणि पंखा काम करीत राहतात. कूलंट वाहून गेले असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव १००° से.च्या वर असूनही केवळ दाबामुळे द्रवरूप राहिलेला असतो. झाकण सैल होताच तो वाफ होऊन उसळतो आणि हात व चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेत असतो आणि त्याच्या एका टोकाला लालबुंद टर्बाइन असते. जोरात चालवून आल्यावर इंजिन एकदम बंद केले तर ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते व तेथे अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा बनतो. अशा अनेक प्रसंगांनंतर ऑइलची वाट बुजते. यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर बूस्ट न वापरता सावकाश चालवणे हा उपाय एका जागी उभे राहून इंजिन चालू ठेवण्यापेक्षा चांगला, कारण त्यात रेडिएटरला वाराही मिळतो. बेअरिंगभोवती कूलंट खेळवलेल्या टर्बोंमध्ये इंजिन बंद झाल्यावरही गरम द्रव वर चढून थंड द्रव खाली येतो आणि हा प्रवाह काही काळ आपोआप चालू राहतो. अलीकडच्या अनेक मोटारींत त्यासाठी छोटा विजेचा पंप असतो. चावी काढल्यानंतर बॉनेटखालून काही मिनिटे येणारी बारीक घरघर बहुधा त्याचीच किंवा रेडिएटरच्या पंख्याची असते.